आले हं, दोन मिनिटं

चप्पल

उजव्या पायातली चप्पल दवाखान्याच्या पायरीवरच राहिली आणि मी तशीच आत गेले. एका पेशंटच्या सासऱ्यांनी ती हातात धरून आणून दिली. "सिस्टर, येवढी कसली घाई?" मीही हसले. घाई कसलीच नव्हती. चप्पल निसटल्याचं पायाला कळलं नव्हतं, आणि हे साधं नाही हे मला कळायला आणखी दोन दिवस गेले.

मी सुनीता. वय सेहेचाळीस. नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या एका खेड्यात, सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं नर्स आहे. बाळंतपणं, लसीकरण, सलाईन, विंचू चावलेला माणूस, सगळं आमच्याकडे येतं. माझे मिस्टर भाऊसाहेब सुप्याच्या एमआयडीसीत कारखान्यात कामाला असतात आणि सुट्टीला घरी येतात. मुलगी प्राजक्ता कोपरगावला माझ्या बहिणीकडे राहून कॉलेज करते. गेल्या वर्षी मला जीबीएस झाला, म्हणजे आपलंच शरीर आपल्या नसांवर उठतं आणि अंग लुळं पडतं तो आजार. चौतीस दिवस मी व्हेंटिलेटरवर होते.

हे लिहायला दोन कारणं आहेत. ज्यांच्या घरात हा आजार आत्ता ठाण मांडून बसलाय त्यांना सांगायचंय की तो जातो. हळू जातो, वैताग आणून जातो, पण जातो. दुसरं कारण सांगायला मला जरा धीर गोळा करावा लागेल, म्हणून ते शेवटी.

वीसवरून अकरा

त्याआधीच्या आठवड्यात जुलाब झाले होते, ते मी अंगावर काढले. नर्सला आजारी पडायची सवय नसते, आणि पडलीच तर ती मान्य करत नाही. पायाला मुंग्या आल्या तेव्हा कॅल्शियमची गोळी घेतली. तिसऱ्या दिवशी लसीचा डबा उचलायला वाकले आणि खालीच बसले. उठता येईना. दवाखान्यातल्या आशाताईंनी काखेत हात घालून उठवलं. तेव्हा कुठे मी घरी फोन केला.

भाऊसाहेब ड्युटी सोडून आले आणि मला नगरला घेऊन गेले. आता पाट्यांवर अहिल्यानगर लागलंय, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही ढिम्म. मग म्हणाले, "सिस्टर, एका श्वासात एक, दोन, तीन मोजा बरं."

मी वीसपर्यंत गेले. त्यांनी जीबीएस हा शब्द उच्चारला तेव्हा भाऊसाहेबांनी विचारलं, "म्हंजी काय वो?" मला विचारायची गरज नव्हती. काही दिवसांपूर्वीच या आजाराचा एक मेसेज मी हात जोडलेल्या चिन्हासकट तीन ग्रुपवर पुढे ढकलला होता. वाचला नव्हता.

"शरीर आपणहून भरून काढतं," डॉक्टर म्हणाले. "पण उतरण्याआधी तो चढतो. कुठपर्यंत चढेल ते सांगता येत नाही. श्वासावर लक्ष ठेवावं लागेल."

दर तासाला कोणीतरी यायचं आणि मला मोजायला लावायचं. वीस. सतरा. चौदा. संध्याकाळी चहाच्या वेळी मी अकराला थांबले. बारा हा आकडा समोर दिसत होता आणि तो म्हणायला छातीत हवा उरली नव्हती. भाऊसाहेबांकडे बघितलं तर ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. लग्नाला चोवीस वर्षं झाली, या माणसाला रडताना मी बघितलं नव्हतं. तेव्हाही त्यांनी बघू दिलं नाही.

घशात श्वासाची नळी घातली. गुंगी उतरली तेव्हा मी बेड नंबर चारवर होते.

बेड नंबर चार

लोक मला विचारतात, काही कळत होतं का? सगळं कळत होतं. हात, पाय, मान, चेहरा, काही हलत नव्हतं, आणि तरी सगळं जाणवत होतं. चादरीची एक चुणी पाठीखाली होती, ती दिवसभर टोचली. नाकाच्या शेंड्याला खाज सुटायची. दोन्ही मांड्यांत ठणका होता. डास बसलेला कळायचा, उठलेला कळायचा, मधला वेळ तुम्ही कल्पना करा.

हलत होते ते डोळे. पापण्या अर्ध्या मिटायच्या. एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही. माझं सगळं जग या दोन शब्दांवर आलं होतं, आणि तेही समोरच्याने माझ्या डोळ्यांकडे बघितलं तरच. कोणी बघितलंच नाही, तर माझ्याकडे तेवढंही नव्हतं. मरणाची भीती मला वाटायची, पण त्याहून मोठी भीती ही होती. काहीतरी होईल, मला ते कळेल आणि कोणाची नजर माझ्याकडे नसेल.

मी नर्स असल्याचा तिथे काही उपयोग झाला नाही. उलट जाच झाला. प्रत्येक मशीनचा आवाज मला ओळखता येत होता. शेजारच्या बेडचं सलाईन संपत आलंय हे मला पडल्या पडल्या दिसायचं. ओरडावंसं वाटायचं, ‘अगं, ती बाटली बघ!’ आणि घशात नळी.

दिवसाचा एक ठराविक क्रम होता. पहाटे अंग पुसणं, आठला डॉक्टरांची फेरी, मग दर दोन तासांनी कूस बदलणं, नळीतला कफ ओढणं. आणि दर तासाला फोटो. हा फोटो काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मोठे डॉक्टर दोन-तीन दवाखाने बघतात. म्हणून तिथल्या नर्सेसनी दर तासाला प्रत्येक बेडच्या मॉनिटरचा फोटो काढून डॉक्टरांच्या ग्रुपवर टाकायचा अशी पद्धत होती. डॉक्टर बघायचे आणि अंगठा पाठवायचे. अंगठा आला की तो तास पार पडला. म्हणजे फोन तिथे चैनीची वस्तू नव्हती, कामाचं हत्यार होतं. ड्युटीवर फोन आणू नका असं म्हणणाऱ्याला तिथे कोणी वेड्यात काढलं असतं.

पण एकदा खिशातून बाहेर आलेला फोन लगेच खिशात जात नाही. ते मी चौतीस दिवस बघितलं. दुसरं बघायला होतं काय? कामाचा फोन आणि बिनकामाचा फोन मी चेहऱ्यावरून ओळखायला शिकले. कामाचा फोन दोन्ही हातांत असतो आणि कपाळाला आठी असते. दुसरा एका अंगठ्यावर चालतो आणि चेहरा सैल पडतो. फोटो पाठवला जायचा, आठी जायची, अंगठा सुरू व्हायचा. डॉक्टरांचंही तेच, ब्रदर म्हणजे पुरुष नर्स, त्याचंही तेच. बेडच्या भोवती चार माणसं उभी असायची आणि आठही डोळे खाली.

भेटायला येणाऱ्यांचं काय वेगळं होतं? सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं भाऊसाहेबांना आत सोडायचे. त्यातली सहा मिनिटं ते व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या तोंडासमोर धरायचे. "बगा, डोळं उघडती. बोला, बोला." कोपरगावचे दाजी, सुप्याचे शेजारी, कोण कोण. सगळे मोठ्याने ओरडायचे, जणू मी बहिरी झालेय. बिचारे भाऊसाहेब मला एकटं वाटू नये म्हणून हे करत होते. मला फक्त त्यांचा चेहरा बघायचा होता आणि तो फोनच्या मागे असायचा.

पूनम

दुपारच्या पाळीला बहुतेक पूनम असायची. तेवीस वर्षांची, हसरी, हाताला हलकी. कफ ओढायची तर ती कळूही द्यायची नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या केसांची जट झाली होती. एकीने म्हटलं होतं, कापून टाकू. पूनमने तासभर बसून, थोडं थोडं तेल लावून जट सोडवली आणि दोन वेण्या घातल्या. "मॅडम, आता शाळेत जायचं," म्हणाली. मला हसता येत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने बोटाने पुसलं. ही पोरगी वाईट होती असं कोणी समजू नये, म्हणून हे आधी सांगितलं.

तिचं नुकतंच लग्न ठरलं होतं. मुलगा पुण्याला. दुपारी त्याची जेवणाची सुट्टी असली की तिचा फोन थरथरायचा.

दहाव्या दिवशी घशाला छेद देऊन तोंडातली नळी तिथे बसवली होती. तोंड मोकळं झालं, आवाज मात्र बंदच. बाविसाव्या दिवशी दुपारी तीनला पूनमने आणि ब्रदरने मला डाव्या कुशीवर वळवलं. वळवताना व्हेंटिलेटर ओरडलं. ते नेहमीच ओरडतं. पूनमने जाता जाता आवाज बंद करायचं बटण दाबलं. आम्ही सगळ्याच नर्सेस ते असंच दाबतो, न बघता. त्या बटणाने मशीन दोन मिनिटं गप्प बसतं. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावलेला चिमटा सारखा निसटून मॉनिटर बोंबलायचा, म्हणून त्याचा आवाज सगळ्यांनी मिळून आधीच कमी करून ठेवला होता.

पूनमने मॉनिटरचा फोटो काढला. तिथे ऑक्सिजनचा अठ्ठ्याण्णव आकडा होता, चांगला आकडा. ब्रदर दुसऱ्या बेडकडे गेला. पूनम माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली, फोटो पाठवला, आणि तिच्या कपाळावरची आठी गेली.

तेवढ्यात माझ्या घशापाशी फुस्स झालं. कूस बदलताना ताणलेली नळी जोडावरून सुटली होती. मशीन हवा देत होतं, ती हवा माझ्या खांद्यावर गार लागत होती. आत येत नव्हती.

काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं. उपाय काय तेही माहीत होतं. नळी उचलायची आणि जोडावर दाबायची, बस्स. हे मी शिकाऊ मुलींना शिकवलेलं काम. माझा हात नळीपासून वीतभर अंतरावर पडला होता आणि तो माझं ऐकत नव्हता.

मी पूनमकडे बघितलं. माझ्यापासून तीन फुटांवर होती. मी पापण्या मिटल्या, उघडल्या, मिटल्या, उघडल्या. हो, नाही, हो, नाही, जे जमेल ते. छाती फुटायला आली. कानात घणाचे घाव पडायला लागले. माझ्या मनात देव आला नाही, प्राजक्ता आली नाही. मनात एकच होतं, वर बघ. अगं पोरी, एकदा वर बघ.

पूनम हसली. फोनमध्ये बघून हसली.

कडेकडेने काळं व्हायला लागलं. मग कुठूनतरी फिनाईलचा वास आला आणि एक आवाज. "अगं ए सिस्टर! ह्या बाईचे व्हट निळे पडलेत, बग की गं!"

कमलमावशी. फरशी पुसणारी. पाथर्डीकडची बाई, घरचे सगळे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ही पाठीच्या दुखण्यामुळे नगरला राहिली. स्टूल दणकन पडलं. पूनमने नळी जोडली. हवा आत आली. ती हवा कशी लागली ते मला लिहिता येणार नाही. मशीनची दोन मिनिटं संपून ते परत ओरडायला लागलं तेव्हा माझा श्वास सुरू होता.

 पूनमने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मावशी मॉप धरून तिथेच उभी होती.

नंतर बोलता यायला लागल्यावर मी मावशींना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? "मला त्ये आकडं कुठं वाचता येत्यात बाई," त्या म्हणाल्या. "मी आपली तोंडं बगत जाते समद्यांची. फरशी पुसायला डोळं कशाला लागत्यात?"

फो, न

दुसऱ्या दिवशी प्राजक्ता कोपरगावहून आली. तिने पुठ्ठ्यावर सगळी मुळाक्षरं आणि बाराखडी लिहून आणली होती. ती बोट फिरवायची, हव्या त्या अक्षरावर मी पापणी मिटायची. पोरीने अभ्यास बुडवून हे केलं होतं. पण पहिल्या दिवशी ती थोडाच वेळ आत होती, आणि तिच्यानंतर पुठ्ठा भाऊसाहेबांच्या हातात गेला. मी जीव खाऊन दोन अक्षरं सांगितली. फो. न.

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. "फोन पायजे व्हय? आगं मंग आदी न्हाई का सांगायचं!"

संध्याकाळी ते माझा फोन चार्ज करून घेऊन आले. पूनमच्या हातात दिला आणि म्हणाले, "ताई, हिला कंटाळा येतोय. जरा गाणी-बिणी दाखवत जा." पूनमने तो फोन घेतला तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग पुढचे दोन दिवस माझ्या बेडच्या दांडीला बांधलेल्या माझ्याच फोनवर कीर्तनं, पाककृती आणि कोणाच्या तरी मांजरीचे व्हिडिओ मला बघावे लागले. डोळे मिटावेत तर भाऊसाहेब म्हणायचे, झोप लागली वाटतं, बरं वाटतंय. आज हे सांगताना आम्ही पोट धरून हसतो. तेव्हा मला वाटलं होतं की आपण इथून कधीच बाहेर पडणार नाही.

तिसऱ्या दिवशी प्राजक्ता परत आली आणि मी सगळं सांगितलं. एकेक अक्षर. न. ळी. सु. ट. ली. तिला पाऊण तास लागला. भेटीची दहा मिनिटं संपली म्हणून सांगायला पूनमच आली आणि पुठ्ठ्याकडे बघून दारातच थबकली. तिने प्राजक्ताला उठवलं नाही.

भाऊसाहेब भडकले. त्या पोरीला घरी बसवतो, पोलिसात जातो, व्हिडिओ काढतो. ते तरातरा निघालेही. प्राजक्ताने हात धरला. "पप्पा, मम्मी अजून त्यांच्याच हातात आहे. आज भांडलात तर उद्या तिच्याकडे बघणार कोण?"

भाऊसाहेब मटकन बसले. हे मी काचेतून बघितलं, शब्द प्राजक्ताने नंतर सांगितले. आम्ही तिघेही अडकलो होतो. मी बेडवर, ती दोघं त्या काचेपलीकडे. रोज संध्याकाळी भाऊसाहेब पूनमला "थँक्यू ताई" म्हणायचे आणि बाहेर जाऊन मुठी आवळायचे.

ज्यांचं माणूस असं आत पडलंय त्यांना एवढंच सांगते. आत गेलात की आधी त्याच्या तोंडाकडे बघा, मग मशीनकडे. आणि फोन बाहेर ठेवून जा. तुमची दहा मिनिटं म्हणजे त्याचा अख्खा दिवस असतो.

रेश्मा

आता दुसरं कारण.

नळी सुटल्यापासून मी पूनमला मनातल्या मनात शिव्या घालत होते. चांगल्या ठेवणीतल्या. दोन दिवस घातल्या. तिसऱ्या दिवशी रेश्मा आठवली.

त्याला दोन वर्षं झाली असतील. रेश्मा आमच्या गावाशेजारच्या वस्तीवरची, पहिलटकरीण. सकाळी मुलगी झाली, सगळं सुरळीत. दुपारी मी तिच्या समोरच्या टेबलावर बसून फोनवर बाळंतपणाची नोंद भरत होते. ती त्याच दिवशी भरावी लागते, नाहीतर वरून फोन येतो. नोंद भरून झाली. मग भाचीच्या हळदीचे व्हिडिओ आले होते, ते उघडले.

रेश्मा म्हणाली, "सिस्टर, मला कसंतरीच हुतंय."

मी म्हटलं, "आले हं, दोन मिनिटं."

थोड्या वेळाने ती परत म्हणाली. मी परत तेच म्हटलं. तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही. तिची सासू डबा घेऊन आली, तिने पांघरूण उचललं आणि किंचाळली. खालची गादी रक्ताने भिजली होती.

त्यापुढे मी काही कमी केलं नाही. पोट चोळलं, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, ॲम्ब्युलन्समध्ये तिचा हात धरून नगरपर्यंत गेले. ती वाचली. गावभर झालं, सिस्टरमुळे वाचली. सव्वा महिन्यांनी तिच्या घरच्यांनी मला बोलावून नारळ आणि खणाने माझी ओटी भरली. मी भरून घेतली. रिपोर्टमध्ये मी लिहिलं होतं की रक्तस्राव अचानक लक्षात आला. लक्षात सासूच्या आला होता, माझ्या नव्हे. तो खण अजून कपाटात आहे. त्याचं ब्लाऊज शिवायचं मला कधी सुचलं नाही.

बेड चारवर पडल्या पडल्या मला तिचा तिसऱ्या वेळचा गप्पपणा आठवत राहिला. ती का गप्प बसली असेल ते मला आता आतून माहीत होतं.

अंगठा

चौतिसाव्या दिवशी व्हेंटिलेटर निघालं. आणखी काही दिवसांनी घशाच्या नळीला झडप लावली आणि आवाज आला. फाटका, पण माझा. पहिलं वाक्य मी भाऊसाहेबांना म्हणाले, "नाक खाजवा." त्यांनी खाजवलं आणि यावेळी तोंड न फिरवता रडले.

वॉर्डात हलवल्यावर मी मोठ्या डॉक्टरांना निरोप पाठवला. ते आले, बरोबर इन्चार्ज सिस्टर. भाऊसाहेब दाराशी उभे. त्यांना वाटत होतं मी आता पूनमला फाडून खाईन. प्राजक्ताला वाटत होतं मम्मी माफ करून टाकेल. मला यातलं काहीच करायचं नव्हतं. जे झालं ते सगळं सांगायचं होतं, गाळायचं काही नव्हतं. मी सांगितलं. नळी, बटण, फोन, मावशी. पूनमचं नाव घेतलं, आणि कमी केलेल्या आवाजाचंही सांगितलं. तासाच्या फोटोचंही सांगितलं.

सांगत असताना डॉक्टरांनी तीनदा फोन बघितला. मी थांबले की ते म्हणायचे, "हं हं, बोला, ऐकतोय." मग त्यांनी त्याच फोनवर त्या दिवशीचा फोटो शोधून काढला. "पण सिस्टर, फोटोत तर अठ्ठ्याण्णव आहे. मी अंगठाही दिलाय. तीन वाजून तीन मिनिटांनी."

"तीन वाजून तीन मिनिटांनी मी निळी पडले होते," मी म्हटलं.

त्यांनी फोटोवरची वेळ पुन्हा एकदा बघितली. मग फोन उलटा करून माझ्या कॉटवर ठेवला. त्या आजारपणात डॉक्टर मला तेव्हा पहिल्यांदा माणूस वाटले.

पूनमला महिनाभर दुसऱ्या विभागात टाकलं. आयसीयूच्या दारात फोन ठेवायला एक स्टीलचा ट्रे आला. मला घरी सोडायच्या दिवशी पूनम भेटायला आली. माफी वगैरे नीट मागता येईना तिला. "मॅडम, त्याचा फोटो आला होता हो. नवीन शर्टातला. तेवढाच बघत होते," म्हणाली आणि हुंदके द्यायला लागली. माझे हात अजून वर जात नव्हते. मी तिला जवळ वाकायला सांगितलं आणि तिच्या कपाळाला कपाळ लावलं. राग गेला नव्हता. पण त्या वेण्याही तिनेच घातल्या होत्या.

ट्रेचं काय झालं, ते कमलमावशींनी नंतर फोनवर सांगितलं. "हाय की अजून. त्यात आता सलाइनची झाकनं ठिवत्यात."

वस्ती

घरी आल्यावर पाच महिने गेले. आधी भिंत धरून, मग वॉकर, मग काठी. चमचा तोंडापर्यंत न सांडता गेला त्या दिवशी भाऊसाहेबांनी शेजाऱ्यांत पेढे वाटले. पायाच्या बोटांत मुंग्या अजून आहेत. गुंडी लावायला वेळ लागतो. असे दिवस आले की वाटायचं, हे काही पुढे सरकत नाही. सरकत असतं. तुमच्याकडे आत्ता कोणी या टप्प्यावर असेल तर त्याला रोज विचारू नका. महिन्याने विचारा.

कामावर परत रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात मी भाऊसाहेबांना म्हटलं, मला रेश्माच्या वस्तीवर सोडा. ते म्हणाले, "कशाला? तुला कुनी काई म्हनलंय का?" म्हटलं, नाही. म्हणूनच जायचंय.

दुपारची वेळ होती. सासू रानात गेली होती. रेश्मा ओट्यावर कांद्याची रोपं निवडत होती, मुलगी मातीत खेळत होती. माझी काठी बघून रेश्मा लगबगीने उठली, खुर्ची आणली, पाणी दिलं. "सिस्टर, लई वाळल्या वो तुमी." भाऊसाहेब गाडीपाशी थांबले.

मी तो खण पिशवीतून काढला आणि आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला. वाटभर पाठ केलेलं सगळं विसरले. जे आलं ते बोलले. की त्या दिवशी तू हाक मारलीस तेव्हा मी नोंद भरत नव्हते, व्हिडिओ बघत होते. की तू वाचलीस ती सासूमुळे. की रिपोर्टमध्ये मी खरं लिहिलं नाही. की ही ओटी माझी नव्हती.

रेश्मा कांद्याची रोपं हातात धरून ऐकत होती. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या सिस्टर, झालं गेलं. आपल्याकडे असंच म्हणतात. मी त्याच्याच आशेने आले होते की काय, कोण जाणे.

"ओटी सासूबाईंनी भरली हुती," ती म्हणाली. "म्या न्हाई. मी आत झोपून ऱ्हायले हुते. तुमी ध्यानात घेतलं नसंल."

मी घेतलं नव्हतं.

"मला तवाच ठावं हुतं समदं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "उठाया येत नव्हतं, तोंडातनं शबुद फुटना. मी तुमच्याकडंच बगत हुते सिस्टर. तुमी हसत हुत्या."

तिची मुलगी येऊन तिच्या मांडीला टेकली. रेश्मा माझ्याकडे बघत राहिली. मला मान खाली घालावीशी वाटली. ती मी घातली नाही. तिचं बघून होईपर्यंत तशीच बसून राहिले.